रीगाचा क्वास आणि सासूबाईंची आंबील

राय म्हटलं की आपल्याला फोडणीतली राई आठवते. ही राय ती नव्हे! हे गव्हाच्या जातकुळीतलं, कडाक्याच्या थंडीतही तग धरणारं धान्य. बाल्टिक समुद्राकाठच्या देशांत आणि रशिया-युक्रेनकडे त्याचा काळसर, आंबूस पाव रोजच्या जेवणात असतो, आणि त्या पावापासून ‘क्वास’ नावाचं पेय करतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगाला गेलो होतो, तेव्हा त्याची ओळख झाली.

रीगाची मोठी मंडई बघण्यासारखी आहे. जर्मनांच्या झेपेलिन हवाई जहाजांच्या हँगरचे सांगाडे वापरून १९२४ ते १९३० या काळात ती बांधली. एका दालनात मासळी, एकात भाजी, एकात दूधदुभतं. तिथेच एक बाई नळाच्या पिंपातून क्वास विकत होत्या. रंग थेट कोऱ्या चहाचा, वर थोडा फेस. पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाच्या कडेची चव, मग गोडसर, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा आंबटपणा. मुलांनी दुसरा ग्लास मागितला. (दुकानातल्या बाटल्यांतला क्वास मात्र बराचसा साखरपाणी. त्याच्या वाटेला जाऊ नये.)

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्या माळकरी. “आंबवलेलं आहे ना? मग चढतं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. क्वासमध्ये अल्कोहोल असतं, पण अगदी थोडं, साधारण एक टक्क्याच्या आसपास. तिकडे पोरंबाळंही पितात. हे सगळं सांगून झालं. त्यांनी ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आंबील!” पण प्यायल्या नाहीत. “आमची आंबील आंबल्यावर चुलीवर शिजते. हे कच्चंच पितात.”

मंडळी, त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. क्वासची कृतीच तशी आहे. शिळ्या पावाचे तुकडे खरपूस भाजायचे, उकळतं पाणी ओतून काही तास ठेवायचे, गाळायचं. कोमट झालं की साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून दिवसभर झाकून ठेवायचं. पुन्हा गाळून बाटलीत भरताना चार मनुका टाकायच्या; त्या वर तरंगल्या की थंड करायला ठेवायचं. बाटली काठोकाठ भरू नये, आणि काचेपेक्षा प्लॅस्टिकची बरी. जास्त दिवस ठेवलं तर अल्कोहोल वाढतं, तेव्हा ज्यांच्या घरी वर्ज्य आहे त्यांनी विचार करूनच करावं.

पेय फार जुनं. कीव्हच्या व्लादिमीर राजाने ९९६ साली प्रजेला जेवू घातलं, तेव्हा गाड्यांवरून क्वासची पिंपंही फिरवली, असं जुन्या रशियन बखरीत आहे. भाषेचे जाणकार ‘क्वास’चं नातं आपल्या संस्कृत ‘क्वथ्’ धातूशी, म्हणजे वैद्यांच्या क्वाथाशी जोडतात. हे ऐकून सासूबाई जरा नरमल्या, पण प्यायल्या नाहीतच!

मंडईतून त्यांनी रायचं पीठ मात्र घेतलं. घरी आल्यावर रात्रभर भिजवून त्याची आंबील केली. ज्वारीपेक्षा पुष्कळच चिकट झाली. लसूण-जिरं घालून, दुप्पट ताक ओतून सारखी केली, तेव्हा कुठे वाट्या रिकाम्या झाल्या. बाजूला आमचा क्वास फ्रीजमध्ये होता. त्यातल्या मनुका अजून तळाशीच होत्या.