मोरचूद, शिसं आणि चिनी माती

पाटणहून कोयनानगरकडे जाताना एखाद्या वरकस रानात आमचं काम चालतं. शंभर मीटरच्या अंतरानं दोन खड्डे काढायचे, प्रत्येकात एक इलेक्ट्रोड पुरायचा आणि दोघांमधला विद्युतदाब नोंदत राहायचा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेच्या भूकंपानं हादरलेला हा मुलूख. धरणाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथला दाब वाढवतं आणि ताणाखालचा खडक सरकतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कोरडा ग्रॅनाइट विजेला अडवतो, पाणी भरलेली भेग तिला वाट देते. आम्ही शोधतो ती ही वाट.

त्यासाठी वीज आम्ही सोडत नाही. सूर्यावरून येणारे कण आणि जगभर कोसळणाऱ्या विजा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हेलकावे उठवतात आणि त्यातून जमिनीत क्षीण प्रवाह वाहू लागतात. किलोमीटरला एक मिलिव्होल्ट मिळाला, तर शंभर मीटरवर हाती येतो त्याचा दहावा हिस्सा.

नुसती सळई ठोकून भागत नाही. धातू ओल्या मातीला लागला की तिथे विद्युतघट तयार होतो आणि त्याचा दाब सतत सरकत राहतो. यावरचा जुना उपाय म्हणजे झिरपणारं मातीचं भांडं, त्यात मोरचुदाचं संपृक्त द्रावण आणि तांब्याची कांडी. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तेच हे मोरचूद. तांबं आपल्याच क्षारात उभं राहिलं की शांत होतं. पण द्रावण झिरपत जातं, पुन्हा भरावं लागतं. शिवाय तापमान एक अंश बदललं तरी दाब पाऊण मिलिव्होल्टच्या आसपास हलतो.

एका मोसमात माझा एक खड्डा आंब्याच्या सावलीत होता, दुसरा उन्हात. दोन्ही वीतभर खोल. दुपार कलली की आलेख चढायचा, सकाळपर्यंत उतरायचा. तीन दिवस मी त्याला जमिनीचा संकेत समजत होतो. खड्डे हातभर खोल केले, वर पालापाचोळा पसरला आणि ती लाट विरली.

पावसाळ्यात इथे चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा वेळी भांडी भरायला रानात कोण जाणार? म्हणून मला फ्रान्सच्या जिल्बेर पेतियो यांनी 2000 साली मांडलेली रचना मोलाची वाटते. शिसं, शिशाचं क्लोराइड, मीठ आणि चिनी माती यांचा घट्ट चिखल नळीत भरायचा, त्याची आम्लता नेमकी राखायची. मीठ बाहेर जाण्याची वाट मुद्दाम अरुंद आणि लांब ठेवलेली असते, त्यामुळे ते अतिशय सावकाश झिजतं आणि इलेक्ट्रोड वर्षानुवर्षं टिकतो. तापमानाचा परिणामही अंशाला सुमारे 0.2 मिलिव्होल्टवर येतो.

शिसं विषारी आहे. म्हणून जितके पुरले तितके इलेक्ट्रोड मोजून परत काढायचे, फुटलेल्या नळीभोवतीची मातीसुद्धा भरून न्यायची, हा आमचा नेम. रानाचा मालक विचारतो, "साहेब, भूकंप कधी येणार, ते कळलं का?" मी खरं तेच सांगतो: तारीख यातून कळत नाही; पाणी कुठल्या भेगेत मुरलंय, ते थोडं थोडं कळतंय. मग आम्ही दोघं मिळून खड्डा बुजवतो, वर पाय देऊन माती दाबतो. रब्बीचा पेरा तोंडावर आलेला असतो.