तितराला साद

आईचे काका, आमचे आबाजी, तोंडाने तितर बोलावतात. वरठीला एका अंगाला भंडारा रोड स्टेशन, दुसऱ्या अंगाला पोलादाचा कारखाना. पण गाव सुटलं की धानाच्या बांध्या लागतात. धान निघालं की त्यांत लाखोरी, जवस. मधल्या पडीत तुकड्यांवर बोरी-बाभळी. तितर तिथलाच. रात्री काटेरी फांदीवर बसतो, उजाडताच खाली उतरून आरोळी देतो.

फेब्रुवारीत चार दिवस देशभर पक्षी मोजतात. त्यासाठी आबाजींना पहाटे सोबत नेलं. धुऱ्याआड बसून त्यांनी ओंजळ तोंडापुढे धरली, घशातून आधी बारीक खरखर काढली, मग चढत्या आवाजात 'कटीतर, कटीतर'. समोरच्या बोरीतून लगेच जबाब आला. "हालू नको बाबू, तो येते," आबाजी पुटपुटले. लाखोरीच्या कडेने तो धावतच आला. उडाला नाही. मान ताठ, पंख जरासे पाडलेले, पायामागचा काटा स्पष्ट दिसत होता. दहा-बारा हातांवर थबकून इकडेतिकडे पाहू लागला. आवाज ऐकू आला होता, आवाजाचा धनी दिसत नव्हता.

हीच अडचण पारधी पाळीव तितराने सोडवत. कामट्यांच्या पिंजऱ्यावर फडकं टाकून त्याला अंधारातच शेतात न्यायचं, झुडपाजवळ ठेवायचं, भोवती बांबूच्या खुंट्यांना बांधलेले केसांचे फास मांडायचे आणि दूर जाऊन बसायचं. फडकं काढलं की तो ओरडायचा. हद्दीतला नर भांडायला यायचा, पिंजऱ्याभोवती फिरायचा आणि पाय फासात अडकायचा. आबाजींनी तरुणपणी हे जवळून पाहिलंय. उदई खाऊ घालून वाढवलेला तितर मालकामागे बांधीभर चालायचा, असं ते सांगतात.

अमेरिकेत कोयोट हा आपल्या कोल्ह्याच्या कुळातला प्राणी असाच बोलावून मारतात. शिकारी जखमी सशासारखी किंचाळणारी शिट्टी फुंकतो. उघड्यावर फडफडणारं एखादं शेपूट ठेवतो, म्हणजे येणाऱ्याची नजर तिथे खिळते, माणसाकडे वळत नाही. पण कोयोट भक्ष्याच्या आशेने येतो, आणि पुष्कळदा वळसा घेऊन वाऱ्यावरून आधी वास काढतो. तितराला अशी खातरजमा करता येत नाही. परका नर घरात शिरलाय असं कान सांगतात आणि तो निघतो. म्हणून ही शिकार मला जास्त निष्ठुर वाटते. फासात जातो तो बहुधा जोडीतला नर. मादी झुडपात राहून जाते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, सगळं शिकारच धरलंय, नुसता प्रयत्नसुद्धा. हे योग्यच झालं. ज्यांचं पोट यावर होतं त्या पारध्यांना दुसरी रोजी मिळायला हवी होती. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, 1952 मध्ये तो शिक्का निघाला, पण संशय अजून निघालेला नाही. पाखराची इतकी बारीक जाण असलेली माणसं पक्षीगणनेत का नसावीत?

आता मोबाइलवर तितराचा आवाज मिळतो, छोटा स्पीकर खिशात मावतो. फोटोसाठी तो पुन्हा पुन्हा वाजवणारे मी पाहिलेत. माणसाचा घसा थकतो, यंत्र थकत नाही. न दिसणाऱ्या वैऱ्याला उत्तर देत तितर चरणं सोडून धावत राहतो. आबाजी एकदा साद घालतात. जबाब आला की गप्प. त्या दिवशीही तो नर थोडा वेळ घुटमळला, ढेकळं उकरत परत गेला, मगच आम्ही उठलो.

गावातली पोरं हल्ली त्यांच्यामागे लागतात. आबाजी त्यांना अजून आवाज काढू देत नाहीत. एकटा ओरडतोय की जोडी, ते आधी ऐकून सांगा म्हणतात. आणि अंड्यांच्या दिवसांत तर ते स्वतःही साद घालत नाहीत.