वरोऱ्यापासून भामरागडपर्यंत : वाट जशी, इंजिन तसे

वरोऱ्याला उतरलेला पाहुणा बहुधा आनंदवनाचा रस्ता विचारतो, आणि ते योग्यच आहे. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि या लहानशा गावाचे नाव देशभर गेले. पण नागपूर-चंद्रपूर मार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण आणखी एका कारणाने पाहण्यासारखे आहे. येथून डांबरी रस्ता सोडला की चार तऱ्हेच्या जमिनी लागतात. गावाच्या भोवती कापूस-सोयाबीनची काळी माती. माजरी आणि एकोना बाजूला कोळशाच्या खाणी. चिमूर रस्त्याने पुढे ताडोबाचे जंगल. आणि चंद्रपूर ओलांडून दक्षिण-पूर्वेला गेले की गडचिरोलीतील नद्या-नाल्यांचा मुलूख. या चारही ठिकाणी वेगवेगळी वाहने चालतात आणि त्यांच्या पोटातली इंजिनेही वेगळी असतात.

या इंजिनांकडे आमचे लक्ष गेले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याची बहीण आलापल्लीकडे दिलेली आहे. मागच्या पावसाळ्यात तिला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना भाड्याची गाडी नाल्याच्या चिखलात बंद पडली. अल्लाहच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण तो तासाभराचा खोळंबा त्या घरातले कोणी विसरलेले नाही. मुलाने ठरवले की त्याच भागात प्रवासी गाडी चालवायची, आणि गाडी अशी घ्यायची की जी अडल्यानडल्याला रुग्ण घेऊन निघू शकेल. त्याच्या अम्मींनी बांगड्या मोडायची तयारी दाखवली. अट एकच, व्याजाचे कर्ज नको. म्हणजे पैसा मोजका, आणि निवड चुकली तर दुसरी संधी नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पेट्रोल घेऊ की डिझेल? किती एचपीची घेऊ?" आम्ही शिक्षक माणसे, उत्तर देण्याआधी पाहून यावे असे ठरले. सोबतीला आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा आले. त्यांची उमर जीप उघडण्यात आणि बंद करण्यात गेली आहे.

पहिला धडा गावाबाहेरच्या शेतातच मिळाला. रब्बीची मशागत चालू होती आणि ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चिकट काळ्या मातीतून नांगर ओढत होता. आता ८०० सीसीची लहान मोटार घ्या. तिचे इंजिनही साधारण तेवढ्याच, ४५-४७ अश्वशक्तीचे असते. मग मोटारीला नांगर का ओढता येत नाही? कारण अश्वशक्ती ही दोन गोष्टींचा गुणाकार आहे. एक म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, आणि दुसरी म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. उर्दूच्या तासाला सांगायचे तर एक कुव्वत आणि दुसरी रफ्तार. लहान मोटारीचे इंजिन आपली पूर्ण शक्ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास देते, ट्रॅक्टर २,०००च्या आसपास. शक्ती सारखी आणि फेरे एक तृतीयांश, म्हणजे ट्रॅक्टरचा जोर जवळपास तिप्पट. चिखलात कामाला येतो तो हाच, हळू फिरतानाचा जोर. जास्त फेऱ्यांनी चाक फक्त जागेवर गरगरते आणि स्वतःसाठी खड्डा खणते.

खाणीच्या बाजूला हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. इंग्रजांच्या काळात वरोऱ्यालाच कोळशाची खाण होती आणि त्या कोळशासाठी वर्ध्याकडून येथवर रेल्वे आली. आज परिसरातील खुल्या खाणींत अजस्र डंपर चालतात. शंभर टन माल वाहणाऱ्या डंपरचे इंजिन हजार अश्वशक्तीच्या आसपास असते, आणि एवढी ताकद असून त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आगेमागेच राहतो. सगळी शक्ती चढावरून ओझे वर आणण्यात खर्च होते. मुलगा म्हणाला, "म्हणजे एचपी विचारण्याआधी ओझे विचारावे." चाचांनी मान डोलावली.

चिमूर रस्त्याने ताडोबाच्या बाजूला गेलो तेव्हा मात्र उलटे चित्र दिसले. १९५५मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. येथे पर्यटकांना फिरवण्यासाठी वर्षानुवर्षे मारुतीची उघडी जिप्सी चालत आली आहे. १९८५मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा तिचे पेट्रोल इंजिन जेमतेम ९७० सीसीचे होते, पुढे १,२९८ सीसीचे झाले. कमी फेऱ्यांना या इंजिनात फारसा जोर नाही. तरी ती दगड-धोंड्यांतून चढते. याची कारणे दोन. पहिले, गाडीचे वजन टनाच्या आसपास. दुसरे, चारही चाकांना जोर देणारी व्यवस्था आणि तिच्यातला लो गिअर. लो गिअर टाकला की चाकावरचा जोर दीडपटीहून जास्त होतो आणि वेग तेवढाच घटतो. इंजिन लहान असले तरी गिअरपेटी त्याची उणीव भरून काढते. शिवाय पेट्रोल इंजिन शांत चालते. जंगलात हरणाच्या कळपाशेजारी उभे राहायचे तर ते महत्त्वाचे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ताडोबाचा गाभा भाग पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतो. ज्या दिवसांत नाले भरून वाहतात त्या दिवसांत या गाड्यांना तेथे जावेच लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याला नेमके त्याच दिवसांत निघायचे होते.

पुढे भद्रावती, चंद्रपूर, गोंडपिपरी असे करत आम्ही आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडचे लोहखनिज नेणारे ट्रक सतत भेटतात. आलापल्लीनंतर सागाचे जंगल दाट होते. याच दिशेला भामरागडच्या अलीकडे हेमलकसा आहे. तेथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालवला. त्या काळी पावसाळ्यात या भागाचा जगाशी संबंध तुटत असे. आता रस्ते-पूल खूप सुधारले आहेत, तरी भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम येथेच आहे, त्यामुळे पाणी चढायला वेळ लागत नाही.

वाटेत चाचांनी जीपची हकिकत सांगितली. ती आमच्या वाचकांना रंजक वाटेल. १९४५मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाने पोलादाच्या व्यापाराची कंपनी सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे अलिगढला शिकलेले मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले, आणि मुंबईत विलीज जीपची जोडणी होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जीपचे इंजिन पेट्रोलचे, २.२ लिटरचे, अवघ्या ६० अश्वशक्तीचे होते. पण त्याचा सर्वांत जास्त जोर २,००० फेऱ्यांनाच मिळे. लो गिअरमध्ये तो आणखी जवळपास दुप्पट होई. म्हणजे पेट्रोल असूनही त्या जीपचा स्वभाव ट्रॅक्टरसारखाच होता.

मग खेड्यापाड्यांत जीप डिझेलवर का गेली? कारण खर्च. पेट्रोल जीप तेल फार पिई. कंपनीने १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून डिझेल इंजिने बनवण्यास सुरुवात केली आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. विदर्भातल्या काळी-पिवळी जीपगाड्यांचा धंदा उभा राहिला तो अशाच डिझेलच्या बचतीवर. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन आपोआप पेटते. त्यामुळे पाण्याच्या शिंतोड्यांनी ठिणगी विझून गाडी बंद पडण्याचा जुन्या पेट्रोल गाड्यांचा त्रास त्यात नव्हता.

"पण डिझेलला पाण्याची भीती नाही, असे कोणी म्हटले तर मानू नका," चाचा म्हणाले. "गाडी पाण्यात नाकाने बुडते." इंजिन ज्या तोंडाने हवा घेते त्या तोंडात पाणी गेले तर ते सिलिंडरमध्ये पोहोचते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन संपते. हे पेट्रोललाही होते आणि डिझेललाही. म्हणून गाडी किती सीसीची याआधी तिचे हवेचे तोंड किती उंचीवर आहे ते पाहावे. २०२०च्या थारला कंपनीने पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे दोन फुटांपेक्षा थोडे जास्त. आणि तीही संथ पाण्यासाठी समजावी. वाहते पाणी दोन फुटांचे असले तरी बहुतेक मोटारी तरंगवून बाजूला नेऊ शकते. तेथे इंजिनाचे काही चालत नाही, कारण चाकाखाली जमीनच राहत नाही.

मुलाच्या मनात नवी पेट्रोल थार होती. तिचे इंजिन १५० अश्वशक्तीचे आहे आणि टर्बोमुळे ३०० न्यूटन-मीटरचा जोर १,२५० फेऱ्यांपासूनच मिळतो. तेव्हा पेट्रोल म्हणजे चिखलात निकामी, ही जुनी समजूत आता सोडावी. पण किमतीचा प्रश्न होता, आणि दुसराही होता. चाचांनी विचारले, "बेटा, मागे बाईमाणसाला आडवे झोपवता येईल का?" मुलगा गप्प झाला. नव्या डिझेलबाबतही त्यांनी एक गोष्ट सांगितली. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले. धूर स्वच्छ झाला, हे आपल्या लेकरांच्या फुप्फुसांसाठी चांगलेच. पण त्यासोबत सेन्सर आणि धुराची गाळणी आली. ती बिघडली तर पान्याने दुरुस्त होत नाही, संगणक लावावा लागतो. आलापल्लीच्या पुढे गाडी अडली तर तो कोठून आणायचा, याचे उत्तर आधी असावे.

शेवटी निवड झाली ती फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या, लांब मागच्या भागाच्या जुन्या डिझेल बोलेरोची. अश्वशक्ती थोडी, पण कमी फेऱ्यांना जोर चांगला, आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. घेण्यापूर्वी चाचांनी जे तपासले ते जुनी गाडी घेणाऱ्या कोणत्याही घराला उपयोगी पडेल. इंजिन रात्रभर थंड ठेवून सकाळी सुरू केले. गरम गाडी आपले दुखणे लपवते. धुराचा रंग पाहिला. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त पडते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, किंवा आत पाणी शिरते आहे. ऑइलची पट्टी काढली. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, सौदा तेथेच सोडावा. फोर-व्हीलचा आणि लो गिअरचा दांडा प्रत्यक्ष टाकून गाडी चिखलात चालवली, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत तो दांडा केवळ शोभेला उरलेला असतो. डिझेलमधले पाणी वेगळे करणारी गाळणी उघडून पाहिली. कागदपत्रे, विमा, प्रवासी परवाना आणि पिवळी पाटी यांची चौकशी वेगळी केली. खासगी गाडीत भाडे घेतले आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

बांगड्या सगळ्या मोडाव्या लागल्या नाहीत. दोन राहिल्या. अम्मींनी त्या डिझेल आणि टायरसाठी राखून ठेवल्या आहेत.

गाडी ताब्यात घेताना चाचांनी मुलाकडून एक वचन घेतले. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडीत कोणीही असो, नातेवाइकांनी कितीही विनवले तरी पाण्यात घालायची नाही. अलीकडच्या आरोग्य केंद्रात वळायचे, १०८ला फोन लावायचा, होडीची व्यवस्था पाहायची. मुलगा म्हणाला, "मग एवढे इंजिन कशाला बघितले?" चाचा म्हणाले, "चिखलातून काढायला. नदी उतरेपर्यंत थांबायचे, ते तुझे काम."