किल्ली पेटींत
(एक विद्यार्थिनी, इयत्ता १० वी)

तारेवांचून बातमी पोंचविण्याची विद्या हल्लीं इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती अडेपर्यंत तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. आमच्या घरीं ती गेल्या पावसाळ्यांत अडली.

हकीगत अशी. माझी थोरली बहीण परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा देणार आहे. तिच्या शिकवणीचे पाठ इंटरनेटवरून होतात, आणि घरांत इंटरनेटचें साधन एकच, तें म्हणजे बाबांचा मोबाइल. बाबा एस.टी.मध्यें वाहक आहेत. पहांटे साडेपांचला त्यांच्या खिशांतून गेलेला मोबाइल रात्रीं नऊला परत येई. मग ताई डोळ्यांना पाणी लावून बारापर्यंत बसे. हें ऐकून मामांनीं आपला जुना लॅपटॉप आम्हांस पाठवून दिला. माडीवर राहणारे घरमालक काका ताईला म्हणाले, "पोरी, आमचें वायफाय दिवसभर चालूच असतें; तूं त्यावर अभ्यास कर." आणि त्यांनीं पासवर्ड एका कागदावर लिहून दिला. दीड हात जाडीच्या दगडी भिंतींतून तार ओढणें शक्य नव्हतें. जें काय व्हावयाचें तें तारेवांचूनच होणें भाग होतें.

लॅपटॉपवरील मूळची प्रणाली सुरू होईपर्यंत चुलीवर चहा उकळून जाई. शाळेंतील विज्ञानाच्या सरांच्या सल्ल्यानें मीं ती काढून तिच्या जागीं डेबियन नांवाची लिनक्स-प्रणाली घातली. ज्यांस हें नांव नवें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिहावयास घेतला. त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा, अशी मोकळीक आहे. १९९३ सालीं सुरू झालेलें डेबियन हें या गाभ्याभोंवतीं स्वयंसेवकांनीं उभारलेलें घर होय. घराला भाडें नाहीं. मात्र एखादी खिडकी अडकली तर ती उघडण्याची रीत आपणच शिकून घ्यावी लागते.

आमची अडकलेली खिडकी म्हणजे वायफाय. पडदा उजळला, कळफलक चालला, मराठी अक्षरें उमटलीं. पण बिनतारी जाळ्यांच्या यादींत एकही नांव येईना. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यानें यंत्र न उघडतांच "कार्ड गेलें" असा निकाल दिला व नव्या कार्डाची किंमत सांगितली. ती ऐकून आईनें लॅपटॉप मुकाट्यानें पिशवींत घातला.

या प्रणालीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही कीं, ती आपली रोजनिशी लपवीत नाहीं. यंत्र सुरू झाल्यापासून गाभ्यानें काय काय पाहिलें, कोणास हांक मारली, कोणीं ओ दिली नाहीं, हें सर्व ओळीनें लिहिलेलें असतें; एक आज्ञा दिली कीं तें समोर येतें. प्रथम लॅपटॉपच्या कडेची बिनतारी बंद-चालू करण्याची कळ पाहिली. ती चालू होती. मग आंत जोडलेल्या भागांची यादी मागितली. तींत वायफायचें कार्ड नांवानिशीं व क्रमांकानिशीं हजर! म्हणजे तें "गेलें" नव्हतें. पुढें रोजनिशी वाचतां वाचतां खरें कारण सांपडलें. कार्ड ओळखलें आहे, त्यास चालविणारा ड्रायव्हरही आहे, परंतु त्यास लागणारी फर्मवेअरची फाइल मिळत नाहीं, असें तेथें स्वच्छ लिहिलें होतें.

हें फर्मवेअर म्हणजे काय? वायफायच्या कार्डाला स्वतःचा एक लहानसा मेंदू असतो. वीज गेली कीं आमच्या कार्डाच्या मेंदूला सर्व विसर पडतो. म्हणून यंत्र सुरू होतांच ड्रायव्हरनें त्याला त्याचा पाठ पुन्हा पढवावा लागतो. तो पाठ म्हणजे फर्मवेअर, आणि त्यावर मालकी कार्ड करणाऱ्या कंपनीची. पुष्कळ कंपन्या आपले पाठ वाटूं देतात. २०२२ सालीं डेबियनच्या सभासदांनीं मतदान करून असे पाठ आपल्या अधिकृत प्रतींत घालण्याचें ठरविलें, व २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तसें होऊं लागलें. परंतु आमच्या कार्डाच्या कुळाचा पाठ इतरांनीं वाटण्यास त्याच्या कंपनीची परवानगी नाहीं. तो ज्याचा त्यानें इंटरनेटवरून आणावा. इंटरनेट मिळावें म्हणून पाठ हवा, आणि पाठ मिळावा म्हणून इंटरनेट हवें! किल्ली पेटींत आणि पेटीला कुलूप.

मग तो ड्रायव्हर तरी कोठून आला? कंपनीनें कार्डाची रचना प्रसिद्ध केली नव्हती. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं काम दोन तुकड्यांत वांटून घेतलें. एका तुकडीनें कंपनीचा तयार ड्रायव्हर कार्डाशीं कसा बोलतो हें उलगडून त्याचें वर्णन लिहून काढलें. दुसरीनें मूळ वस्तूकडे दृष्टिही न टाकतां केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा ठपका कोणास ठेवतां येऊं नये हा हेतु. २००६ सालीं तो लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला. (परीक्षेंत शेजारच्या बांकावर डोकावणाऱ्या आमच्या कांहीं बंधुभगिनींनीं हें सोवळें अवश्य ध्यानांत घ्यावें!) पुढें २०१० सालीं त्याच कंपनीनें आपल्या नव्या कार्डांसाठीं खुला ड्रायव्हर स्वतः प्रसिद्ध केला, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि माझ्या मनांतून एक प्रश्न जात नाहीं. मामांनीं पुरे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला आम्हीं "बोल" म्हणावें, आणि तिनें "माझ्या निर्मात्याकडून शब्द आणा" म्हणावें, तर त्या वस्तूचे मालक आम्ही कीं तो?

पेटी उघडली ती बाबांच्या मोबाइलनें. रात्रीं ते आल्यावर मोबाइल तारेनें लॅपटॉपला जोडला व त्यांतील यूएसबी टेदरिंग सुरू केलें. लिनक्सला याकरितां निराळें कांहीं लागलें नाहीं. तें मोबाइललाच जाळें समजून कामाला लागलें. बिनतारीची किल्ली अशी तारेनेंच आणावी लागली. भांडाराच्या ज्या दालनांत आम्हांस हवें तें पॅकेज होतें तें आरंभीं बंद असतें. एका फाइलींत एक शब्द वाढवून तें उघडलें. हें पॅकेज कंपनीचाच एक ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेतें, त्यांतून पाठाचा तेवढा भाग कातरून काढतें, आणि जेथें गाभा शोधतो तेथें नेऊन ठेवतें; शिंप्यानें ताग्यांतून बाही बेतावी तसें. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें. बाबा गणवेश न उतरवतांच शेजारीं बसले होते. यादींत चार नांवें उमटलीं, तिसरें काकांचें. कागदावरील पासवर्ड मीं एकेक अक्षर वाचला आणि ताईनें तो घातला. जोडणी झाल्याची खूण दिसतांच ती कांहींच बोलली नाहीं. तिनें वही उघडली. बाबांनीं मोबाइलची तार काढून गुंडाळून ठेवली व ते जेवावयास उठले.

परीक्षा येत्या उन्हाळ्यांत आहे. ताई आतां दुपारीं अभ्यास करते व दहाला झोंपते. वेग मात्र बेताचाच. आमचें कार्ड जुन्या रिवाजाचें, केवळ २.४ गिगाहर्ट्झचें, त्याची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची. विटांच्या भिंतींतून ती बरीचशी पार होते, दगडांत पुष्कळ जिरते, आणि जिन्याच्या लोखंडी दारावरून तर मागेंच फिरते. म्हणून ताईचा पाठ सुरू व्हावयाची वेळ झाली कीं मी खालून हांक देतें, आणि वरच्या काकू जिन्याचें दार उघडून ठेवतात.