चौदाशे वर्षांचा खांब

जपानच्या नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिराच्या अंगणात उभं राहिलं, की मान आपोआप वर जाते. समोर पाच मजली लाकडी पॅगोडा, सुमारे ३२ मीटर उंच! त्याच्या मधल्या खांबाचं झाड इ.स. ५९४ मध्ये तोडलेलं, हे खोडातल्या वर्तुळांवरून कळलं.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात साठवतं. लाकूड जळलं किंवा कुजलं, की तो परत हवेत जाऊन पृथ्वी तापवतो. इथे मात्र तो चौदाशे वर्षं कोंडलेला! अर्थात, तोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड वाढलं, तरच हा हिशेब जमतो बरं का.

तुमच्या घरी आजीचा जुना पाट आहे ना? मोडला तर बंबात घालू नका, दुरुस्त करा!