काळा धूर आणि कुंभार्लीचा चढ

गॅसच्या शेगडीची भोकं बुजली की पातेल्यांची बुडं काळी होतात, हे तुम्हांआम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. निळी ज्योत पिवळी होते, भांडी घासणारी कुरकुरते आणि सिलिंडर आठ दिवस आधीच संपतो. आपण काय करतो? उठून नवी शेगडी नाही आणत. बर्नर काढतो आणि पिनेने भोकं मोकळी करतो. मैत्रिणींनो, आज मला लिहायचं आहे ते जुन्या डिझेल गाडीच्या काळ्या धुराबद्दल, आणि बरंचसं ते एवढंच आहे. 'गाडीचं काय ते पुरुषमाणसं बघतील' म्हणून पान उलटू नका. गाडीचा खर्च निघतो तो घरखर्चातूनच. आमच्या बाबतीत तर प्रश्न माझ्या माहेरचा होता.

आमची गाडी २०११ सालची, टर्बोवाली. २०१८ मध्ये ओळखीतून जुनीच घेतली. आम्ही कराडला राहतो. माझे वडील चिपळूणला, आई गेल्यापासून एकटे. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर त्यांचा उजवा हात नीट चालत नाही. दिवसा एक बाई असते, रात्री शेजारी लक्ष ठेवतात. दर दुसऱ्या शनिवारी माझी सकाळची शाळा सुटली की आम्ही निघतो, पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरतो आणि रविवारी परततो. एस.टी. आहे हो, नाही असं नाही. पण दोन मुलं, महिन्याची औषधं, पंधरा दिवस पुरतील अशा चटण्या-लाडवांचे डबे, आणि सोमवारी पुन्हा शाळा! एस.टी.ने जाणं म्हणजे दोन महिन्यांतून एकदा जाणं.

तर एका पावसाळ्यानंतर ही गाडी रुसली. गंमत म्हणजे चिपळूणला जाताना काही नाही, कारण घाट उताराचा. परत येताना मात्र चढ लागला की मागे काळाकुट्ट धूर आणि गाडीत दम म्हणून नाही. तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर धापा टाकू लागली. (माहेरहून निघताना माझंही असंच होतं, असं हे म्हणाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.) मागचा मोटारसायकलवाला तोंडाला रुमाल लावून हातवारे करत पुढे गेला, तेव्हा खरोखर शरम वाटली.

पहिल्या गॅरेजवाल्यांनी डिझेल फिल्टर बदलला. काही फरक नाही. मग म्हणाले, "पंप आणि इंजेक्टर गेले. ७२ हजार धरून चाला. टर्बो निघाला तर त्याचे वेगळे." गाडीची तरी किंमत किती उरली होती! यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, विकून टाकू. दोन मुलांच्या फिया भरणाऱ्या घरात त्यात गैर काही नव्हतं. तुझं माहेर बंद, असं कुणी म्हणालं नाही. तसं कुणी म्हणतच नाही. हिशेब मात्र तोच होता.

मी बी.ए., शाळेत शिकवते मराठी आणि इतिहास. इंजिनातलं मला कळत नव्हतं, पण लिहून ठेवता येत होतं. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तारखा घालून टिपलं. उभ्या गाडीला धूर नाही. सपाट रस्त्यावर सावकाश चालवली तर नाही. चढावर, ॲक्सिलरेटर दाबला की भरपूर. त्याच वेळी बॉनेटखालून 'फुस्स' असा आवाज, कुकरची रिंग खराब झाल्यावर येतो तसा. लिटरला १७ किलोमीटर जाणारी गाडी १३ वर आलेली. पाणी कमी होत नाही, इंजिन ऑइलही नाही.

हे पान घेऊन मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेले. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर चित्र काढून समजावलं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ठिणगी पाडावी लागत नाही. आत घेतलेली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच भयंकर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतं ते डिझेल. हवा पुरेशी असली तर ते पूर्ण जळतं आणि ताकद मिळते. हवा कमी पडली तर अर्धवट जळतं आणि काजळी होऊन मागून बाहेर पडतं. म्हणजे काळा धूर आणि गेलेली ताकद ही दोन दुखणी नव्हेतच, एकाच दुखण्याची दोन तोंडं. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर येतंय किंवा पाण्याची वाफ होतेय. थंडीत सकाळी जरासा पांढरा दिसला तर घाबरू नये.

आणि त्यांनी एक सांगितलं ते मला फार पटलं. डिझेलच कमी पोचत असेल, समजा फिल्टर तुंबला असेल, तर गाडीची ताकद जाईल पण काळा धूर येणार नाही. आधी डिझेल फिल्टर बदलून आम्ही पैसे कशासाठी दिले, ते तुम्हीच बघा.

मग आम्ही गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "धूर उभ्याला येतो का चढाला?" हे माझ्याकडे बघू लागले. मी वही पुढे केली. मिस्त्रींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "ताई, पंपाला नंतर हात लावू. आधी हवा बघू."

एअर फिल्टर काढला तर घाटातल्या धुळीने माखलेला. तो बदलायचा ठरला, पण सगळा दोष त्याचा नाही म्हणाले. टर्बोचं असं असतं की बाहेर जाणारा धूर एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. ही दाबलेली हवा जाड रबरी नळ्यांतून, मध्ये एका जाळीत थंड होऊन जाते. उभ्या गाडीला हा दाब नसल्यासारखाच. चढावर तो वाढतो. मिस्त्रींनी खालची एक नळी बोटांनी चाचपली, तर ती बाहेरून तेलकट. ती काढली, एक तोंड बूच मारून बंद केलं, दुसऱ्या तोंडातून टायरमध्ये भरायची हवा सोडली आणि वरून साबणाचं पाणी चोपडलं. नवा सिलिंडर लावल्यावर नळी गळते का ते आपण बघतो, अगदी तसंच! बोटभर लांबीच्या चिरेतून फेसाचे बुडबुडे फुगून वर आले. एरवी ती चीर मिटलेलीच राही, दाब आला की उघडे. इंजिनासाठी मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटत होती आणि डिझेल मात्र पुऱ्या मापाने पडत होतं.

नळी १,८०० रुपये, एअर फिल्टर ४५०, मजुरी ५००.

नेहमी इतक्या स्वस्तात सुटतं असं मी म्हणणार नाही. कधी ई.जी.आर. व्हॉल्व्ह काजळीने अडकून उघडाच राहतो. इंजिनातून निघालेला थोडा वायू परत आत सोडायचं त्याचं काम. तो उघडा राहिला की ताज्या हवेची जागा वापरलेली हवा अडवते, आणि धूर कमी वेगातही दिसतो. तो बहुतेक वेळा काढून साफ करता येतो. इंजेक्टर खराब असेल तर गाडी उभी असतानाही थरथरते, खडखडते आणि धूर टाकते. इस्त्रीच्या वेळी पाणी मारायच्या बाटलीचं तोंड बिघडलं की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात ना, तसं आत होतं. तेव्हा खर्च आहेच. पण तेव्हाही आधी इंजेक्टर तपासून दाखवायला सांगावं. नव्या धर्तीच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी छोट्या बाटलीत सोडतात. ज्याच्या बाटलीत जास्त डिझेल जमतं तो बिघडलेला. हे आपल्या डोळ्यांना दिसतं, त्यात मिस्त्रीच्या शब्दावर जायचं कारण नाही. आणि टर्बो बदला म्हणाले तर नळ्या तपासल्या का, हे नक्की विचारा.

पी.यू.सी.चा कागद आमच्याजवळ होता. पण ती तपासणी उभ्या गाडीवर, गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबून होते. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एकक, चारच्या गाड्यांना ५०. चढावरचा दोष त्यात दिसेलच असं नाही. धुराला नुसतं 'घाण' म्हणून सोडूही नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातला आहे. मुलांना मागे उभं करून 'धूर येतो का बघ' असं सांगणाऱ्या घरांसाठी मुद्दाम लिहिते. आपणही चालू इंजिनावर वाकायचं नाही. पदर, ओढणी, वेणी पंख्यात जायला क्षण पुरतो. बघायचं ते गाडीत बसून, मागच्या आरशात.

त्या रविवारी आम्ही शिरगाव, पोफळी सोडून घाटाला लागलो तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं. धाकटा तेवढा मागच्या काचेला नाक लावून बसला होता. तिसरा गिअर टिकला. अर्ध्या घाटात तो म्हणाला, "आई, मागचा रस्ता दिसतोय."

ॲव्हरेज १६ वर आलं आहे. दिवाळीनंतर इंजेक्टर एकदा तपासून घ्या असं मिस्त्रींनी सांगितलं आहे, तेही वहीत लिहून ठेवलं आहे. या शनिवारी बाबांसाठी डिंकाचे लाडू करायचे आहेत.