बिब्बा उतला तर

चि. बंडू,


पायाचा फोटो पाहिला आणि माझा चहा तसाच राहिला. टाचेला भेगा पडल्या म्हणून बिब्बा लावावासा वाटला, इथपर्यंत समजू शकते. पण सुई तापवून चीक काढलास, घोट्यापर्यंत चोळलास आणि त्याच हाताने मान खाजवलीस! तेही मोबाइलवर कुणी सांगितलं म्हणून. मला एक फोन करायला काय झालं होतं?

विचारलं आहेस एवढंच, की काळे डाग जातील का. जातील, पण महिने लागतील. उन्हापासून जप, आणि फोड फोडू नकोस. तसा त्यातल्या पाण्याने बिब्बा पसरत नाही. पसरतो तो नखात, टॉवेलला, चपलेच्या पट्ट्याला राहिलेला चीक. ते सगळं साबणाने धू, हातमोजे घालून.

‘दोन दिवस काही झालं नव्हतं, म्हणजे बिब्बा नसेल’ असं लिहितोस. अरे, तो असाच उततो. चिकातलं द्रव्य कातडीत मुरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि मग शरीर आपल्याच कातडीला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं. त्याला दिवस-दोन दिवस लागतात. आयुष्यात पहिल्यांदाच लागला असेल तर आठवडाही जातो. एकदा अशी ओळख पटली की शरीर ती सहसा विसरत नाही. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक हे याच कुळातले. यंदा कोकणात गेलास की देठ मोडायला पुढे होऊ नकोस.

दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठत. धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करत, बरोबर ती खूण टेकायची तिथेच! 1943 साली अमेरिकन डॉक्टरांनी त्यावर लिहिलंही. धुतलेल्या कपड्यावरचा वाळलेला ठिपका एवढं करतो, आणि तू ताजा चीक चोळलास.

आपल्या माई बिब्बा लावायच्या ते आठव. आधी भोवती खोबरेल, मग सुईच्या टोकाएवढा ठिपका, आणि तुम्ही पोरं तेवढा वेळ ओसरीबाहेर. वैद्यसुद्धा बिब्बा आधी विटेच्या पुडीत घोळतात, घासतात, धुतात, तेव्हा कुठे तो औषधाला घेतात. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात बघ एकदा. डिंकाच्या लाडवातली गोडंबी त्या हातांतून येते. जुन्या माणसांना झाडाचा गुण ठाऊक होता तसा त्याचा दरारा होता. आपण गुण तेवढा उचलला आणि दरारा टाकून दिला. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. गाजरगवत झाडपालाच आहे ना? 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं आणि बघता बघता देशभर पसरलं. ते उपटणाऱ्या किती जणांची तोंडं अन् हात सोलून निघाले. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. शाळेत पानांचे आकार पाठ करून घेतात, पण कशाला हात लावायचा नाही हे कुणी शिकवत नाही.

असो. शेवटची ओळ वाचून मात्र माझी झोप उडाली आहे. उरलेले बिब्बे डब्यात ठेवलेस, आणि एक दुधात उकळून घ्यायचा विचार आहे? मुळीच घेऊ नकोस. मूत्रपिंडांवर बेतू शकतं. आणि घरात पिंकी आहे, दिसेल ते तोंडात घालणारी! डबा आजच बाहेर काढ. जाळू मात्र नकोस, धूरही उततो. खोल खड्डा करून पुरून टाक.

मानेवरची सूज वर सरकत असेल, डोळे मिटू लागले असतील, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर माझ्या उत्तराची वाट पाहू नकोस. आधी डॉक्टरकडे जा आणि बिब्बा लावला होता हे स्पष्ट सांग. लाजून ‘ॲलर्जी असेल’ म्हणू नकोस. रात्री फोन कर. जागी आहे.

तुझी,
मावशी